बोलकी थाळी

जमिनीत पुरलेले धन पायाळू माणसाला दिसते, असे आपल्याकडे पूर्वापार सांगत आले आहेत. पायाळू म्हणजे जन्मताना पायाकडून आलेला. त्याच्या डोळ्यांत मंतरलेले काजळ घालावे, अवसेच्या रात्री त्याला शिवारातून फिरवावे, म्हणजे मोहरांचे हंडे त्याला बरणीतल्या लोणच्याप्रमाणे स्वच्छ दिसू लागतात. हंड्यावर नाग बसलेला असतो, हे ओघानेच आले. माझा जन्म रीतसर डोक्याकडून झाला असल्यामुळे ही वाट मला बंदच होती. परंतु वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी, बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षे घरात येरझारा घातल्यावर, माझ्या हाती धातुशोधक यंत्र आले आणि गावाने मला एकदम पायाळूंच्या पंगतीला बसवले.

यंत्र माझ्या भाच्याचे. मुंबईला दोन रविवार त्याने ते चौपाटीवर फिरवले, शीतपेयांच्या बाटल्यांची चाळीसएक झाकणे गोळा केली आणि भाऊबिजेच्या आधी बहिणीबरोबर पुण्याला आला तेव्हा “मामा, तुम्हांला वेळ आहे” असे म्हणून माझ्या स्वाधीन केले. निवृत्त माणसाकडे जगातल्या सर्व नको असलेल्या वस्तू याच एका वाक्याबरोबर येतात. आमच्या सौभाग्यवतींनी खोके पाहून, “याने माझे स्वयंपाकघरातले चमचे सापडतील का?” एवढेच विचारले.

आमची वडिलार्जित शेती नंदुरबार जिल्ह्यात, शहादे तालुक्यात. हा जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून वेगळा झाला. आमच्या लहानपणी आम्ही सारे पश्चिम खानदेशातलेच. थोरला भाऊ, आमचा दादा, तिथे कापूस आणि पपई करतो. मार्गशीर्षात मी तिकडे गेलो तो हे यंत्र बरोबर घेऊनच. पुण्यात सोसायटीच्या बागेत ते चालवणे शक्य नव्हते. वॉचमनने दोनदा विचारले होते की, साहेब, आपले काही हरवले आहे का.

आता हे यंत्र असते कसे? एक दांडा, त्याच्या तळाशी जेवणाच्या थाळीएवढी चकती, वर मुठीजवळ आकडे दाखवणारी लहानशी काच आणि कानाला लावायचा हेडफोन. सारे मिळून वजन दीड किलोच्या आतबाहेर. थाळीत तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. एका वेटोळ्यातून उलटसुलट वीज खेळते आणि खाली जमिनीत चुंबकीय क्षेत्र पसरते. वाटेत धातू आला की त्याच्या अंगात विजेचे बारीक भोवरे उठतात, त्या भोवऱ्यांचेही चुंबकीय क्षेत्र तयार होते आणि दुसरे वेटोळे ते टिपते. ओसाड विहिरीत हाक मारली की प्रतिसाद येतो ना, तसेच हे. मात्र हा प्रतिसाद किती रेंगाळून येतो त्यावरून धातूची जात ओळखायची. लोखंड एका तऱ्हेने बोलते, ॲल्युमिनियम दुसऱ्या, तांबे आणि चांदी आणखी तिसऱ्या. यंत्र त्या बोलण्याचा आकडा करते. आमच्या यंत्रात लोखंड शून्याच्या आसपास किंवा त्याखाली, पातळ पत्रे आणि वर्ख मधल्या आकड्यांत, आणि चांदी ऐंशीच्या पुढे. जुनी यंत्रे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालत; हे नव्या तऱ्हेचे यंत्र एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर जमिनीशी बोलते, म्हणून ओल्या खाऱ्या वाळूतही फारसे गांगरत नाही.

ही कल्पना फार जुनी आहे. टेलिफोनवाला अलेक्झांडर ग्रॅहम बेल याने १८८१ साली असलेच एक यंत्र जुळवले होते. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर २ जुलैला गोळी झाडली गेली. ती शरीरात नेमकी कुठे रुतली हे डॉक्टरांना कळेना. बेल यंत्र घेऊन धावला, पण बिछान्यातल्या पोलादी स्प्रिंगांनी घोळ घातला, शिवाय डॉक्टरांनी त्यांना वाटत होते त्याच बाजूला शोधू दिले. गोळी दुसरीकडे होती. गारफील्ड सप्टेंबरात वारले. पुढे दुसऱ्या महायुद्धात कोसात्स्की नावाच्या पोलिश अधिकाऱ्याने सुरुंग हुडकणारे यंत्र केले, ते १९४२ साली एल अलामेनच्या वाळवंटात उपयोगी पडले. त्याआधी सैनिक संगिनीने वाळू टोचत टोचत पुढे सरकत. आज विमानतळावर किंवा देवळाच्या दारात आपण ज्या चौकटीतून आत जातो, तीही याच कुळातली.

शिकण्याचे म्हणाल, तर पहिला धडा पुस्तकात नव्हे, परसात. वहिनींकडून आईच्या पेटीतला एक राणीछाप रुपया मागून घेतला. एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम वजनाचे हे चांदीचे नाणे. एक हल्लीचा पोलादी रुपया, एक ॲल्युमिनियमचे जुने दहा पैसे, एक गंजका खिळा, औषधाच्या गोळ्यांचे रिकामे पान आणि वहिनींची सोन्याची अंगठी, असा सरंजाम घेऊन प्रत्येक वस्तू दोन बोटे, चार बोटे, एक वीत अशा खोलीवर पुरली आणि वर खुंट्या ठोकल्या. अंगठी पुरताना वहिनी शेजारी उभ्या होत्या आणि उकरून काढेपर्यंत हलल्या नाहीत.

मग रोज सकाळी तासभर एवढेच करायचे: खुंटीवरून थाळी न्यायची आणि कानाने ऐकायचे. आकड्याकडे पाहण्याचा मोह होतो. पण आकडा हा पंचांगातल्या भविष्यासारखा, कान हाच खरा वैद्य. राणीछाप रुपया डावीकडून उजवीकडे जाताना जो गोल, भरीव आवाज देतो तोच उजवीकडून डावीकडे येताना. खिळा एका बाजूने चांदीचे सोंग आणतो, परतीच्या फेरीत मात्र कुरकुरतो. अंगठीने मला सर्वांत अधिक शिकवले. तिचा आकडा आणि गोळ्यांच्या पानाचा आकडा जवळजवळ तोच! म्हणजे कचरा नको म्हणून यंत्राला तो आकडा गाळायला सांगितला, तर सोनेही त्याच चाळणीतून गळून जाते. बाजारातले कोणतेही यंत्र, कितीही महाग असो, या बाबतीत निवाडा देत नाही; खणूनच पाहावे लागते.

थाळी जमिनीलगत, सपाट, सावकाश फिरवायची. नवशिका माणूस ती घड्याळाच्या लंबकासारखी टोकाला वर उचलतो आणि तिथली खोली गमावतो. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढली पाहिजे. सारवण करणाऱ्या बाईचा हात आठवावा. आवाज लागला की त्याच जागी आडवे-उभे फिरवून फुली काढायची; फुलीच्या मध्यावर वस्तू.

परंतु आमच्या जमिनीने पहिल्याच दिवशी यंत्राची बोलती बंद केली. अंगणातल्या आणून टाकलेल्या मुरमात ठीक चालणारे यंत्र शेतात जाताच सारखे चिवचिवू लागले. कारण साधे आहे. ही काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन झालेली. त्या पाषाणात लोहचुंबकी खनिजाचे कण असतात आणि यंत्राला अख्खे शेतच धातूसारखे वाटते. त्यावर उपाय म्हणजे जमिनीशी आधी ओळख करून घेणे. जिथे खाली काही नाही अशी जागा पाहून थाळी वर-खाली, वर-खाली करायची; यंत्र तेवढ्यात मातीचा आवाज ओळखते आणि वजा करते. मग संवेदनशीलता उतरवायची. हे मनाला पटत नाही, कारण विकत घेतलेली शक्ती आपणच का कमी करावी? पण शेजारी मोठ्याने बोलत असता आपणही ओरडलो तर ऐकू काहीच येत नाही; दोघांनीही आवाज उतरवला तर येते. शिवाय विहिरीवरची मोटर चालू असली किंवा डोक्यावरून विजेच्या तारा गेल्या असल्या की यंत्र वेगळेच बडबडते. तिथे फ्रिक्वेन्सी बदलून पाहायची, नाहीतर मोटर बंद होण्याची वाट पाहायची. खानदेशात ती फार पाहावी लागत नाही.

या सर्व खटाटोपानंतर रुपयाएवढी वस्तू आमच्या काळ्या मातीत किती खोल लागते? वीतभर लागली तरी नशीब. मोठे भांडे असेल तर हातभर, दीड हात. वीस हात खोल पुरलेला हंडा हुडकणारे यंत्र म्हणून ज्या जाहिराती करतात, त्यांच्या वाटेला जाऊ नये.

पण हे गावाला कोण सांगणार? तिसऱ्या दिवशी बांधावर एक म्हातारबाबा उभे राहिले. “हाई काय शे, भाऊ?” त्यांनी विचारले. मी सांगितले. त्यांनी बराच वेळ पाहिले आणि निघताना हळूच म्हणाले, “सापडनं ते कोनले सांगू नको.” चौथ्या दिवशी पोलीस पाटील चहाला आले, आणि चहा संपेपर्यंत हवापाण्याखेरीज काही बोलले नाहीत, मग म्हणाले, “आपल्या हद्दीत करा. गायरानात नको, देवळापाशी नको, नदीकाठच्या टेकाडांवर तर मुळीच नको.” पाचव्या दिवशी मात्र तालुक्याच्या गावाहून एक सद्‌गृहस्थ मोटारीतून आले. अंगावर परीटघडीचे कपडे, मनगटात सोन्याची साखळी. त्यांच्याजवळ म्हणे एका पडक्या गढीची पक्की खबर होती, पायाळू मुलगा होता, विधी करणारा होता. उणीव फक्त यंत्राची. निम्मी भागीदारी देऊ करत होते. मी त्यांना, महाराष्ट्रात २०१३ सालापासून नरबळी, जादूटोणा आणि अघोरी प्रथा यांच्याविरुद्ध कायदा आहे, याची आठवण दिली. ते हसले. “अहो, आम्ही फक्त नारळ देतो,” म्हणाले. मुलाचे वय विचारले तेव्हा मोटार सुरू झाली.

शहरात बसून आपण म्हणतो की हे खेड्यातले अज्ञान. पण मोटार शहरातून आली होती.

यंत्र हाती घेणाऱ्याने कायदा आधी वाचावा, असे माझे बँकेतल्या सवयीमुळे झालेले मत आहे. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली की काय सापडले, कुठे आणि केव्हा, हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे. दडवून ठेवले तर आपला हिस्सा तर जातोच, शिवाय वर्षापर्यंत कैद होऊ शकते. दहा रुपये हा आकडा १८७८ मधला. हल्ली त्यात चहादेखील जेमतेम येतो. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो, संरक्षित स्मारकांना १९५८ चा.

आणि आमच्या जिल्ह्यात हे नुसते पुस्तकी नाही. तापी आणि गोमाई यांच्या संगमावर प्रकाशे आहे. यात्रेकरूंना ते दक्षिण काशी म्हणून ठाऊक आहे, पण १९५४-५५ साली भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या बा. कृ. थापर यांनी तिथे उत्खनन केले तेव्हा थेट ताम्रपाषाण युगापर्यंतच्या वस्तीचे थर निघाले. अशा जागी वस्तू कोणत्या थरात होती यालाच मोल. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये झाडाचे मूळ खणताना एका भिल्ल शेतकऱ्याला काशाचे चार नग सापडले: रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. साठ किलोंहून अधिक वजन! तो माणूस बिचारा सरळ. वस्तू सरकारजमा झाल्या. पण त्या उत्खननाच्या थरात सापडल्या नसल्यामुळे त्यांच्या काळाबद्दल विद्वानांचा वाद आजतागायत मिटलेला नाही. उलट नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ साली नाण्यांचा साठा मिळाला. त्यातल्या तेरा हजारांहून अधिक नाण्यांपैकी नऊ हजारांवर नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाच्या छापावर आपला छाप मारलेला. साठा एकत्र राहिला म्हणून एका राजाने दुसऱ्याचा पाडाव केल्याची साक्ष मिळाली. प्रत्येकाने चार-चार नाणी खिशात घातली असती तर काय उरले असते?

तेव्हा मी पोलीस पाटलांचे ऐकले आणि दादाच्या शेताबाहेर गेलो नाही. महिनाभरात मिळकत झाली ती अशी: नांगराचे तुटके फाळ, ट्रॅक्टरच्या चकत्या (या दुष्ट चकत्या थेट चांदीच्या आवाजात बोलतात), कीटकनाशकांच्या वर्खाच्या पुड्या अगणित, एक बैलाच्या गळ्यातली घंटी आणि ॲल्युमिनियमचे पाच पैसे. दादा म्हणाला, “खुरपणी तरी झाली.”

पौषात तोड्याचे प्रकरण उद्‌भवले.

दादाचा सालदार पावरा समाजातला, धडगावकडचा. त्याची बायको आणि धाकट्या भावाची बायको, या दोघी जावा, कापूस वेचायला असत. थोरलीच्या पायांत चांदीचे तोडे, एकेक वीस तोळ्यांचा. आपण बँकेत ठेव ठेवतो, त्यांची ठेव अंगावर. लेकीच्या लग्नाचे, दवाखान्याचे, बियाण्याचे सारे त्यातच. एके दिवशी संध्याकाळी मापाला बसताना तिच्या लक्षात आले, उजव्या पायात तोडा नाही. सगळ्यांनी अंधार पडेस्तोवर शोधले, दुसऱ्या दिवशी पुन्हा शोधले. धाकटी त्या दिवशी शेजारच्याच पातीवर वेचत होती. तिसऱ्या दिवशी कुणीतरी बोलले. चौथ्या दिवशी ती तडक माहेरी निघून गेली, आणि ती गेली हाच पुरावा ठरला. आता जाणत्याकडे जाऊन नाव काढायचे ठरत होते. नाव एकदा निघाले की ते पुसत नाही. सातपुड्यात बाईला डाकीण ठरवण्यापर्यंत गोष्टी जातात आणि तिथून परत येत नाहीत. दादाने हे सारे मला आठव्या दिवशी सांगितले, रागाने म्हणाला, “ते तुझं खेळणं आहे ना, ते काढ.”

मी सालदाराच्या बायकोला उरलेला तोडा घेऊन शेतात यायला सांगितले. तिला ते विचित्र वाटले असणार. पण ज्याला शोधायचे त्याचा आवाज आधी ठाऊक हवा, आणि जोडीतल्या दुसऱ्याइतका खरा नमुना कुठे मिळणार? तोड्याच्या तोंडाशी मळसूत्राचा पेच असतो, आणि उरलेल्याचा पेच इतका झिजला होता की तो नुसत्या बोटाने फिरत होता. हरवलेला तोडा निसटला असेल तर उघड्या तोंडाने निसटला असणार. म्हणून तोडा मातीत ठेवून पेच बंद करून ऐकला, मग उघडा ठेवून ऐकला. फरक होता! धातूचे कडे बंद असले की विजेचा भोवरा त्यातून अखंड फिरतो आणि आकडा टोकाला जातो. उघडे असले की आकडा काही घरे खाली येतो आणि किंचित डगमगतो. तो डगमगता आवाज मी दहावीस वेळा ऐकून कानात बसवला.

मग हिशेब. त्या दिवशी सकाळपासून तिने चौदा ओळी वेचल्या होत्या. ओळ तीनशे फुटांची, दोन ओळींतले अंतर चार फूट, थाळी जेमतेम अकरा इंचांची. प्रत्येक ओळीत तीन फेऱ्या म्हणजे एकूण बेचाळीस फेऱ्या, बारा हजार सहाशे फूट. पावणेचार किलोमीटरांहून थोडे अधिक, गोगलगायीच्या चालीने. सालदाराने सुतळ्या ताणून दिल्या. मोटर बंद ठेवली. हेडफोन मी मुद्दाम काढून ठेवला. जे वाजेल ते बांधावरच्या सर्वांनी ऐकावे.

पहिल्या दिवशी सव्वीस फेऱ्या झाल्या. सात पुड्या, दोन चकत्या, एक विळ्याचे पाते. दर वेळी आवाज झाला की बांधावरची माणसे उठून उभी राहत आणि पुन्हा बसत. खांदा असा भरून आला की रात्री वहिनींनी तेल लावून दिले तरी हात वर जाईना.

दुसऱ्या दिवशी एकतिसावी फेरी बांधाशी संपत होती. बांधापाशी बायका ओट्यातला कापूस गाठोड्यात ओतायला उकिडव्या बसतात. तिथे तो आवाज आला. डावीकडून आला, उजवीकडून आला. आकडा चांदीचा, पण किंचित डगमगता. आडवे फिरवले, उभे फिरवले. सालदाराच्या बायकोने माझ्या तोंडाकडे पाहिलेदेखील नाही. तिने आवाज ओळखला होता, कालपासून तीही ऐकतच होती. काळी माती थंडीत सुकली की तिला भेगा पडतात, हात जाईल एवढ्या रुंद. अशाच एका भेगेत, वर ढेकूळ पडून तोंड बुजलेले, चार बोटे खाली तोडा उभा अडकला होता. पेच उघडा.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाईने तो पदराने पुसला आणि तिथेच बसून राहिली. थोड्या वेळाने सालदार म्हणाला, भावाला सांगतो, मोटारसायकल घेऊन जाईल आणि तिला आणील. भाऊ गेला आणि रात्री एकटाच परत आला. मुलीच्या बापाने सांगितले होते, जिने नाव घेतले तिने स्वतः यावे.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी. ने थोरली एकटी गेली. तोडे पायांत घातले नव्हते, दोन्ही फडक्यात बांधून नेले होते. तिकडे काय बोलणे झाले ते मला कुणी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. तीन दिवसांनी दोघी मिळून आल्या. येताना शहाद्याला सोनाराकडे उतरून दोन्ही पेच नवे बसवून घेतले होते.

पुढच्या वेचणीला धाकटी पुन्हा पातीवर होती. दुपारच्या सुट्टीत मी झाडाखाली यंत्र पुसत बसलो होतो, तिथे ती आली आणि लांबूनच पाहत उभी राहिली.

“भाऊ, हे बोलतं ते फक्त तुम्हांला ऐकू येतं का?”

“नाही. कानाला लावलं नाही तर सगळ्यांना येतं.”

“त्या दिवशी लावलं होतं?”

“नव्हतं.”

तिने मान डोलावली. मग हातातले चांदीचे कडे काढून ढेकळावर ठेवले आणि यंत्र मागितले. थाळी कशी धरायची हे तिला सांगावे लागले नाही. जमिनीलगत, सपाट, सावकाश तिचा हात फिरला. कडे वाजले. तिने परतीची फेरी घेतली आणि ते पुन्हा वाजले.